दिवसातला अर्धा तास जातो कुठे? (१५ दिवसांची वही)

चौथी_सीट | सोमवार, रात्री १०.५२

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

राहणार डोंबिवली पूर्व, ऑफिस फोर्टात. गेल्या दिवाळीत गावी माळा साफ करताना एक पत्र्याची ट्रंक सापडली. आत पणजोबांचे कागद, सगळे मोडी लिपीत. वाळवीच्या तोंडून काढून इकडे आणले आणि ठरवलं, मोडी शिकायची. शनिवार-शनिवार करून एक वर्गही केला. अक्षरओळख झाली. पण मोडी रोज डोळ्यांखालून गेली नाही तर पंधरा दिवसांत पुसून जाते. लिहिणारा आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून मोकळा होतो, मग तिला अक्षरं लटकवत जातो. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, आणि एक शब्द कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो ते आपलं आपण ठरवायचं. त्यामुळे रोज अर्धा तास हवा. तो मला आठ महिन्यांत सापडलेला नाही.

म्हणून शेवटी वही घातली. १५ दिवस, दर अर्ध्या तासाला एक रकाना, काय केलं ते लिहायचं. खोटं लिहायचं नाही एवढाच नियम. (बायको म्हणाली, आता आंघोळीचीही नोंद ठेवणार का? ठेवली.)

सकाळी ८.१४ची फास्ट लोकल. घराचं दार ओढल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंत १ तास ५० मिनिटं, येताना २ तास. हे माहीतच होतं. हा सगळा वेळ मी उभा. एक हात वर कडीला, दुसऱ्याने बॅग पोटाशी. मोडी राहू द्या, नाकावरची माशी हाकलता येत नाही.

माहीत नव्हतं ते पुढचं. संध्याकाळी 'निघतो, निघतो' करत मी रोज ३५-४० मिनिटं ऑफिसातच बसलेला असतो. काम नसतं. साहेब उठायची वाट बघत असतो. घरी ८.४०. जेवण झालं की फोन 'जरा बघायला' घेतो, तो पावणेबाराला खाली ठेवतो. रविवारी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या कमी), म्हणून कुठे जायचं नाही, आणि कुठे जायचं नाही म्हणून आंघोळच दुपारी.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री ९.३० ते १० च्या रकान्यात मी लिहिलंय, 'आठवत नाही'. घरात होतो, शुद्धीत होतो, तासाभरातच लिहायला बसलो होतो. तरी आठवत नव्हतं. तो रकाना बघून मात्र टरकलो.

तर तुम्ही रोजचा अर्धा तास कुठून काढता? झोपेतून काढ असं सांगू नका, डॉक्टरांनी बजावलंय.


कट्ट्यावरचा | सोमवार, रात्री ११.२०

सोप्पं आहे. पहाटे ४ला उठायचं. ब्राह्ममुहूर्त. झोप हवी असेल तर रात्री ९ला आडवं व्हायचं.


पाणी_साडेचार | मंगळवार, सकाळी ६.०५

८.४०ला घरी येणारा माणूस ९ला झोपणार? मग जेवण काय पुलावर उरकायचं?

जाता जाता सांगते, मी गेली वीस वर्षं पहाटे साडेचारला उठते आहे. अजून तरी यशस्वी झालेली नाही. आमच्या गिरगावातल्या चाळीत पाणी त्या वेळेला येतं. तुळशी-विहारपासून पार भातसा-वैतरणेपर्यंत सातही तलाव भरले की पेपरात फोटो येतो, आमच्या नळाला मात्र तास-दीड तासच. पिंप, कळश्या, मोरीतली बादली, मग पिण्याचं गाळून हंड्यात. मधेच धार बारीक होते, म्हणजे खालच्या मजल्यावर कोणीतरी पंप लावलाय. सहाला संपतं. तेव्हा झोप अनावर होत असते आणि झोपायची वेळ टळलेली असते.

मुहूर्त चांगलाच आहे हो. पण त्या मुहूर्ताला हात रिकामे असायला हवेत ना?


भोचक | मंगळवार, सकाळी ९.४८

एक भाबडी शंका. अर्धा तास हाती आला तर त्यात मोडीच वाचाल हे कशावरून? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)


चौथी_सीट | मंगळवार, दुपारी १.१५

घेतला दिवा. खात्री नाही. पण 'आठवत नाही' लिहिण्यापेक्षा 'मोडी घेऊन बसलो, झोप लागली' असं लिहिलेलं मला चालेल.


रेल्वेतला | मंगळवार, सायंकाळी ५.३०

३४ वर्षं मध्य रेल्वेत काढली. आता ठाण्यात निवांत.

आधी अवांतर. वेळेवरून भांडायची मुंबईला जुनी खोड आहे. १९०६ साली सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ लावली, ती मुंबईला पटली नाही. मुंबईचं घड्याळ वेगळं होतं, ३९ मिनिटं मागे. महापालिकेने ते पुढे चाळीसहून जास्त वर्षं जपलं. म्हणजे आगगाडी एका टायमाने आणि गाव दुसऱ्या टायमाने. वडील सांगायचे, कोणी 'पाचला भेटू' म्हटलं की आधी 'कुठल्या पाचला?' हे विचारून घ्यायचं. धागाकर्त्याचा अर्धा तास तिथेच राहिला असणार, वर नऊ मिनिटं व्याज.

आता कामाचं. तुम्ही ८.१४ फास्टच का धरता? लवकर पोचते म्हणून. किती लवकर? स्लोपेक्षा फार तर २०-२५ मिनिटं. तेवढ्यासाठी एक तासाहून जास्त लोंबकळायचं. त्याऐवजी डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरा. गाडी फलाटाला लागताना थोडी चपळाई लागते, पण बसायला मिळतं. मग पुढचा जवळजवळ दीड तास मांडी तुमची, हात तुमचे, डोळे तुमचे.

आमच्या वेळी माणसं डोंबिवलीहून उलटी कल्याणला जायची आणि तिथे जागा धरून परत यायची. आजही जातात. बाहेरगावच्या पाहुण्याला सांगितलं तर तो हसतो. पण ते वेडे नव्हेत. घड्याळातली २० मिनिटं देऊन बसलेला एक तास विकत घेतात. टाइमटेबल करणाऱ्याने गाडीची मिनिटं मोजावीत, तो पगार त्याचा. प्रवाशाने आपल्याला बसून मिळालेली मिनिटं मोजावीत.

(उलटे गेलात तर पास मात्र कल्याणचा काढा. टीसीला मोडीचं कारण सांगून भागत नाही.)


चौथी_सीट | मंगळवार, रात्री ९.१०

काका, साष्टांग! हे डोक्यातच आलं नव्हतं. आठ महिने मी लवकर पोचायच्या मागे होतो.

एकच अडचण आहे. स्लो धरायची तर घरून सव्वासातला निघायला हवं, आणि तोवर डबा होत नाही.


कट्ट्यावरचा | मंगळवार, रात्री ९.३२

स्लोने जायचं, लोक झोपतात. तुम्हीही झोपाल. लिहून ठेवा.


लेडीज_डबा | बुधवार, रात्री १०.४०

दोन दिवस नुसतीच वाचत होते. पण 'डबा होत नाही' हे वाचलं आणि राहवलं नाही. पाऊस होतो, सर्दी होते, तसा डबा होतो का हो? तुमच्या वहीत पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या रकान्यांत काय आहे? 'झोप' असणार. त्याच घरात, त्याच वेळेला, दुसऱ्या कोणाच्या वहीत काय असतं तेही एकदा लिहून बघा.

मी कल्याण-दादर, पंधरा वर्षं. संध्याकाळची आमची गाडी सांगते. भाजी दादरलाच घेतलेली असते. घाटकोपर गेलं, जरा श्वास घ्यायला जागा झाली की पिशव्या उघडतात. मांडीवर पेपर, त्यावर मेथीची जुडी. पानं डाव्या हाताच्या पिशवीत, काड्या उजव्या. काड्या खिडकीबाहेर टाकलेल्या आमच्या गटात चालत नाहीत, एकीने टाकल्या तर तिला महिनाभर ऐकून घ्यावं लागलं. मटारचे दिवस असले की समोरचीच्या शेंगाही आपल्या मांडीवर येतात, चौघी मिळून दोन किलो मुलुंडच्या आत संपवतो. गवार मोडतो, लसूण सोलतो. सुरी कोणी काढत नाही, त्यामुळे भेंडी घरी. फरसबीवर मतभेद आहेत. ठाण्याला निम्म्या उठतात, चौथ्या सीटवरची (तिघींच्या बाकावर कडेला टेकलेली) आत सरकते, तिच्या जागी उभी असलेली टेकते आणि न विचारता तिच्या हातात अर्धी जुडी जाते. मी उतरते तेव्हा उद्याची भाजी निवडून झालेली असते.

हे लोकांना फार गोड वाटतं. 'वेळेचा सदुपयोग' म्हणून कोणी कोणी फोटोही काढतं. मला विचाराल तर त्या पाऊण तासात मलाही कानात गाणी घालून खिडकीबाहेर बघायचंय. आम्ही घरातला ओटा उचलून गाडीत आणलाय, एवढंच झालंय. त्यातून वाचलेला पाऊण तास घरी गेल्यावर कोणाच्या वाट्याला येतो? माझ्या तर नाही. मी दार उघडते तेव्हा पुढचं काम चपला काढायच्या आधी समोर उभं असतं.

काकांचं म्हणणं बरोबर आहे, बसलेली मिनिटं मोजावीत. फक्त आमच्याकडे बसलेल्या बाईचे हातही रिकामे नसतात.


पाणी_साडेचार | बुधवार, रात्री १०.५५

ताई, +१००. फरसबी मोडूनच घ्यायची, त्यात मतभेद कसले?


कट्ट्यावरचा | बुधवार, रात्री ११.०२

झालं. चांगला वेळेचा धागा होता, त्याची स्त्री-पुरुष चर्चा झाली. आता काश्मीर होणार याचं, न संपणारं भांडण.


अळूवडी | गुरुवार, सकाळी ८.२०

काश्मीर कशाला, आकडे घ्या. चौथी_सीट यांनी वहीत जे केलं तेच केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलं. घरोघरी जाऊन विचारलं की आदल्या दिवशी पहाटे ४पासून २४ तासांत, अर्ध्या-अर्ध्या तासाने, काय काय केलंत. (पहाटे ४ बघून कट्ट्यावरचा यांना बरं वाटेल.)

६ वर्षांवरच्या सगळ्यांचा हिशेब असा निघाला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. पुरुष ९७. आता ९७ म्हणजे काही अगदीच वाईट नाही असं वाटेल. थांबा. ही सरासरी फक्त जे करतात त्यांची आहे. असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, आणि पुरुष २६. उरलेले ७४ 'निघतो, निघतो' करत असावेत.

म्हणून वेळेचं नियोजन शिकवणारे लोक मला जरा संशयास्पद वाटतात. सकाळी व्यायाम, मग वाचन, मग ध्यान, मग न्याहारी. ती न्याहारी ताटात कोण आणून ठेवतं ते कधीच सांगत नाहीत.


चौथी_सीट | गुरुवार, रात्री १०.१५

लेडीज_डबा, कान धरले.

काल रात्री वही बायकोपुढे ठेवली आणि तिला म्हटलं, तू सांग, मी तुझे रकाने भरतो. ती ५.२०ला उठते. म्हणजे उठते हे माहीत होतं, आकडा माहीत नव्हता. मी झोपेत कुकरची शिट्टी ऐकतो आणि कूस बदलतो, त्या रकान्याला तिच्याकडे 'पोळ्या १४' असं नाव आहे. मुलाचा डबा, माझा डबा, तिचा डबा, आईंचं दुपारचं. तिचं ऑफिस ठाण्यात, म्हणून 'तिला जवळ पडतं' असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

तीन दिवसांचे रकाने भरून झाल्यावर तिने माझं पान उघडलं, फोनच्या रकान्यांवर बोट फिरवत गेली आणि एवढंच म्हणाली, "तुला अर्धा तास सापडत नाही होय?" 

यावर काय बोलणार? आज कणीक मी मळली. पातळ झाली.


मुलुंडचा | शुक्रवार, सकाळी ९.०५

कणीक पातळ झाली तर थोडं पीठ लावून अर्धा तास झाकून ठेवा. सुचतो का बघा काही उपयोग त्या अर्ध्या तासाचा. (हलके घ्या.)

डब्यावरून आठवलं. आजीच्या काळी हा प्रश्न नव्हता. आजोबा आठला निघायचे आणि डबा साडेनऊला डबेवाला न्यायचा. डबेवाल्यांची ही सोय १८९० पासूनची. लोक तिचं कौतुक करतात ते झाकणावरच्या रंगीत खुणांसाठी, कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. नाहीतर ऑफिसात घरचं ताजं जेवण मिळतं म्हणून. मला खरी गंमत वाटते ती याची की माणूस एका गाडीने जायचा आणि त्याचा डबा दुसऱ्या गाडीने. आजीला त्यामुळे दीड तास जास्तीचा मिळायचा. सहाला उठून निवांत चहा घ्यायची, पेपर वाचायची, असं वडील सांगतात.

आता आम्ही दोघंही साडेसातला बाहेर. डबेवाला आला तरी डबा त्याच्या हातात द्यायला घरी आहे कोण?


घरून_काम | शुक्रवार, सकाळी ११.४०

माझी कहाणी उलटी आहे, तीही नोंदवतो.

२०२०च्या मार्चात लोकल बंद झाल्या, तेव्हापासून मी घरून काम करतो. विरार-अंधेरी करायचो, रोजचे तीन तास वाचले. पहिल्या आठवड्यात यादी केली होती: गिटार, व्यायाम, जर्मन. त्यातलं एकही झालं नाही. ते तीन तास ऑफिसने कधी गिळले कळलंच नाही. पार्किन्सन नावाच्या साहेबाने १९५५ सालीच लिहून ठेवलंय, काम हे हाताशी असलेल्या वेळेइतकं फुगतं. माझं रात्री दहापर्यंत फुगलं. पूर्वी कोणी सातला फोन केला तर 'गाडीत आहे' म्हणता यायचं. आता काय म्हणू, दिवाणावर आहे?

हल्ली मी काय करतो, सकाळी साडेनऊला पायात बूट घालतो, खाली उतरतो, कोपऱ्यावर एक कटिंग मारतो आणि परत वर येतो. हे माझं ऑफिसला जाणं. संध्याकाळी सातला परत खाली आणि परत वर, हे घरी येणं. बूट काढले की लॅपटॉप उघडायचा नाही. वॉचमन सुरुवातीला संशयाने बघायचा, आता 'हाफ डे का साहेब' विचारतो.

गिटार अजून भिंतीवरच आहे. पण आठला जेवतो.


भोचक | शुक्रवार, दुपारी १२.०३

म्हणजे ज्याला प्रवास नाही त्याने प्रवास तयार केला, आणि ज्याला आहे तो स्लो गाडीने वाढवतोय. रोचक.


घटकाभर | शनिवार, सकाळी १०.३०

चौथी_सीट, अर्धा तास मागूच नका, घटका मागा. घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या ६०. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडली की घटका भरली. आमच्या एका मावशीच्या लग्नात भटजींनी हे खरोखर मांडलं होतं आणि आम्ही सगळी पोरं मांडव सोडून ती वाटी बुडायची वाट बघत बसलो होतो.

१९८०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासाला बसताना स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावायला सुरुवात केली. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. तेच आता पोमोडोरो म्हणून जगभर चालतं. आपली घटका अधिक एक मिनिट. (कृपा करून हे 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' म्हणून पुढे ढकलू नका. त्यांना वाटीला भोक पाडता येत होतं, एवढंच माझं म्हणणं.)

लोक समजतात की यात खरा नियम 'वाटी बुडेपर्यंत उठायचं नाही' हा आहे. माझा अनुभव वेगळा. वाटी बुडली की उठायचंच, मग वाक्य अर्धं का राहीना. कधी सुटणार हे ठाऊक असलं की बसायला जड जात नाही. अर्ध्या वाक्यापाशी उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन बसतो, कारण ते अर्धं वाक्य डोक्यात टोचत असतं. मुलीची दहावी मी याच्यावर काढली. म्हणजे तिने काढली, मी वाटी बघत होतो.

आणि टायमर फोनवर लावू नका. वेळ बघायला फोन उचलला की संपलं. किल्ली द्यायचं साधं टायमर भांड्यांच्या दुकानात मिळतं.


पाणी_साडेचार | शनिवार, सकाळी १०.५०

घटकाभर, तुमचं हे आवडलं. आमचं पिंप भरायला बरोबर एवढाच वेळ लागतो. उद्यापासून मी पिंपाशेजारी स्टूल टाकून पेपर वाचणार. भरलं की उठायचंच, नाहीतर मोरीत पूर.


अळूवडी | शनिवार, सकाळी ११.१५

वाचनखूण साठवली. चौथी_सीट, महिन्याने येऊन सांगा काय झालं ते. नाहीतर बरेच धागाकर्ते प्रश्न विचारून गायब होतात.


चौथी_सीट | चार आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३.४०

आलो. मेगाब्लॉक आहे, आंघोळ सकाळीच झालीय.

सोम-बुध-शुक्र डोंबिवली स्लो. या तीन दिवशी डबा नाही. फोर्टात खाण्याची काय ददात! बायकोला वाटलं होतं मी दोन दिवसांत कंटाळेन. परवा म्हणाली, "तीनच दिवस का? पाच दिवस कर की." रात्रीची कणीक माझ्याकडे, आता बरी होते. आईंचं आणि मुलाचं असतंच, त्यामुळे ती त्या दिवशी सहाला उठते, पाच-वीसला नाही. म्हणजे माझ्या मोडीपायी तिला ४० मिनिटं जास्त मिळाली, मला ४५. तिने त्या ४० मिनिटांचं काय करायचं ठरवलंय विचारलं तर म्हणाली, "झोपायचं. तुझ्यासारखं लिहून नाही ठेवणार."

ऑफिसातून ६.०५ला उठायला लागलो. पहिल्या दिवशी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर लिफ्टमध्ये होते.

आता पडझड. फोन सुटलेला नाही. नऊ ते अकरा अजून त्याचंच राज्य आहे, टायमर आणलं तरी. कट्ट्यावरचा जिंकले, दोनदा बसल्या जागी झोपलो, एकदा थेट मशीद बंदरला जाग आली. आणि दोन सोमवारी जागाच मिळाली नाही, म्हणजे स्लो गाडीत उभा, दोन्हीकडून नुकसान.

पण बाकीच्या दिवशी मोडी होते. ट्रंकेतल्या कागदांच्या मोठ्या आकारात झेरॉक्स काढल्यात, पुठ्ठ्याला चिमट्याने लावतो. ठाण्यापर्यंत कोणी बोलत नाही. मुलुंडनंतर शेजारचा विचारतो, हे काय, तमिळ का? एक घटका वाचतो, मग पुठ्ठा बॅगेत आणि डोळे खिडकीबाहेर. लेडीज_डबा, खिडकीबाहेर बघताना तुमची आठवण येते, खरंच. गेल्या आठवड्यात कुर्ला-सायनमध्ये पाणी भरलं आणि गाडी पावणेदोन तास जागेवर होती. डब्यात शिव्यांचा पाऊस, आणि मी चार ओळी काढल्या. एका बैठकीत चार, हा माझा विक्रम.

जमिनीचा कागद असेल असं घरात सगळ्यांना वाटत होतं. माझ्या काकांनी तर वकीलही बघून ठेवला होता. शके १८५१ मधला लग्नाच्या खर्चाचा हिशेब निघाला. पणजोबांच्या बहिणीचं लग्न असावं. नारळ, गूळ, सुपारी, वाजंत्री, गाडीवान. अकरा ओळी झाल्या आणि बाराव्या ओळीत अडकलोय. 'वा', मग घडीवर कागद फाटलाय, मग 'णे', पुढे 'काळे' आणि 'पायली २'. चार दिवस याच्यावर बसलोय. कोणाला काही सुचतंय?


भोचक | रविवार, दुपारी ४.०१

म्हणजे खरंच वाचताय. माझी शंका मागे घेतो.


रेल्वेतला | रविवार, दुपारी ४.२५

वाटाणे हो! काळे वाटाणे. कोकणातलं लग्न आहे ना? सांबाऱ्याला लागतात. जागा मिळाली नाही तर सोमवारी एक गाडी आधीची बघा, सोमवारी गर्दी वेगळी असते.


चौथी_सीट | रविवार, दुपारी ४.३१

वाटाणे! बसतंय, अगदी चपखल बसतंय. काका, धन्य.


लेडीज_डबा | रविवार, सायंकाळी ६.१०

दोन पायली. आणि ते निवडले कोणी, ते पुढच्या ओळीत लिहिलंय का तेवढं बघून सांगा.